शिवणीतली माया

फाइल समोर दिसतेय. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये 'एलएस' हा फाइलींची यादी दाखवणारा हुकूम मारला की तिचं नाव येतं, तेही हिरव्या अक्षरांत, म्हणजे चालवायची परवानगी आहे. साइज दिसते, तारीख दिसते, २०११ मधली. आणि तीच फाइल चालवायला गेलं की शेल, म्हणजे टर्मिनलमध्ये आपले हुकूम घेणारा प्रोग्राम, सांगतं, 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी'. पुन्हा एलएस. आहे. पुन्हा चालवा. नाही. ओसरीवर माणूस पेपर वाचत बसलेला आपल्याला दिसतोय आणि आतून कुणीतरी ओरडून सांगतंय, घरी कोणी नाही! डेस्कटॉपवरून डबल क्लिक केलं असतं तर एवढंसुद्धा कळलं नसतं. कर्सर दोन क्षण गरगरला असता आणि गप्प झाला असता. खेळ म्हणावा तर साधा, उड्या मारत पुढे जायचा, विंडोज-मॅक-लिनक्स अशी तीन चित्रं मिरवत विकला गेलेला. त्याच्या पानावर लिनक्सचा पेंग्विन अजून बसलेला आहे.

शेल खोटं बोलत नसतं, अर्धंच बोलतं. हा खेळ ३२ बिटी. असा प्रोग्राम एकट्याने सुरू होत नाही; त्याच्या पोटात सुरुवातीलाच एक पत्ता लिहिलेला असतो, की आधी या लोडरला बोलवा, तो माझ्या लायब्ऱ्या, म्हणजे मला लागणारे तयार कोडचे गठ्ठे, गोळा करील, मग मी उठतो. तो पत्ता म्हणजे 'लिब' फोल्डरमधली 'एलडी-लिनक्स.एसओ.२' ही फाइल, आणि नव्या ६४ बिटी इन्स्टॉलेशनवर त्या पत्त्यावर कोणी राहत नाही. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, 'सापडला नाही' म्हणतो ते लोडरबद्दल. शेल ते वाक्य उचलून खेळाच्या नावापुढे चिकटवतं. अशा वेळी सवयीने लागणाऱ्या लायब्ऱ्यांची यादी देणारं 'एलडीडी' चालवावं तर ते 'नॉट अ डायनॅमिक एक्झिक्यूटेबल' असं सांगून आणखी भलतीकडे नेतं. खरं बोलतो तो 'फाइल' नावाचा साधा हुकूम: खेळाच्या नावाआधी तो शब्द लिहायचा, की ३२ बिटी आहे का ६४, आणि कुठला लोडर हवा, हे एका ओळीत येतं. दोन मिनिटांत उलगडा होतो. तरी ते वाक्य डोक्यात अडकून राहतं. जो खेळ 'इथलाच' म्हणून विकला, त्यालाच घराने ओळख का दाखवू नये?

'नेटिव्ह' हा शब्द आपण फार सैल वापरतो. दुकानाच्या पानावर पेंग्विनची खूण असली की नेटिव्ह. पण ती खूण एवढंच सांगते की एका विशिष्ट वर्षी, एका विशिष्ट उबुंटूवर (लिनक्सचा एक प्रकार), कुणीतरी हा खेळ बांधला होता आणि तो चालला होता. त्यानंतर घर बदलत राहतं. सुरक्षित जोडणी सांभाळणाऱ्या ओपनएसएसएलची आवृत्ती बदलते, साउंडसाठी पल्सऑडिओच्या जागी पाइपवायर येतं, पडद्यावर खिडक्या दाखवायला एक्स११ जाऊन वेलँड येतं, आणि ज्याचा कोड बंद आहे तो खेळ त्या दिवशीच्या मापाचे कपडे घालून तसाच उभा. शाळेचा गणवेश शिवताना शिंपी आतून इंच-दीड इंच कापड जास्तीचं ठेवतो, पोर वाढलं की उसवून सोडायला. त्या जास्तीच्या कापडाला शिवणकामात माया म्हणतात. लिनक्सवर कुठला खेळ घ्यावा असं कुणी विचारलं, तर ग्राफिक्स आणि रिव्ह्यूच्या आधी हेच बघावंसं वाटतं. शिवणीत माया सोडली आहे का?

याची गोष्ट जुनी आहे. १९९८ साली लोकी सॉफ्टवेअर नावाची कंपनी निघाली, विंडोजवरचे गाजलेले खेळ लिनक्सवर आणून डब्यातून विकायचे म्हणून. गिऱ्हाईक पुरलं नाही आणि २००२ च्या जानेवारीत दुकान बंद. पण तिथेच काम करणाऱ्या सॅम लॅंटिंगाने लिहिलेली एसडीएल ही लायब्ररी मागे राहिली. खिडकी उघडणं, कीबोर्ड, गेमपॅड आणि आवाज यांची कटकट खेळाच्या वतीने ती सांभाळते. आज लिनक्सवर नेटिव्ह चालणाऱ्या खेळांपैकी कुठलाही उचला, आत एसडीएल निघण्याची शक्यता दांडगी. पुढे तिच्या दुसऱ्या आवृत्तीत एक अगदी शिंप्याच्या डोक्याची सोय आली. एखाद्याने एसडीएल खेळाच्या आतच कायमची शिवून टाकली असली, तरी ती पहिल्या हाकेला एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे प्रोग्रामला बाहेरून दिलेली सूचना, वाचते: 'एसडीएल_डायनॅमिक_एपीआय'. त्यात तुमच्या मशीनवरच्या नव्या लिबएसडीएल२ चा पूर्ण पत्ता दिला, की आतली जुनी एसडीएल सगळं काम त्या नवीकडे सोपवते. स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानात खेळाच्या प्रॉपर्टीजमध्ये लाँच ऑप्शन्सचा चौकोन असतो. तिथे हे व्हेरिएबल, बरोबरचं चिन्ह, पत्ता, मग एक जागा सोडून टक्क्याच्या दोन चिन्हांमध्ये 'कमांड' हा शब्द. व्हेरिएबलचं नाव इंग्रजी कॅपिटल अक्षरांतच हवं. गेमपॅडची बटणं उलटी लागणं, दुसऱ्या मॉनिटरवर खिडकी अर्धी बाहेर जाणं, असली दुखणी बऱ्याचदा एवढ्यानेच जातात. चूक एकच होते. ३२ बिटी खेळाला ६४ बिटी लायब्ररीचा पत्ता दिला जातो, आणि मग ती जोडली जात नाही. एसडीएल १.२ च्या काळातल्या खेळांसाठी 'एसडीएल१२-कॉम्पॅट' आहे, जुन्या हाका नव्या एसडीएलच्या कानावर घालणारा दुभाष्या. २०२५ च्या जानेवारीत एसडीएल ३ ची पहिली स्थिर आवृत्ती आली, तेव्हा दुसरीसाठीही असाच दुभाष्या तयार होता.

बंद पडलेल्या कंपनीची ही माया.

ज्यांचा कोडच उघडा आहे ते खेळ या बाबतीत सगळ्यात निर्धास्त, कारण दर नव्या डेबियन-फेडोराबरोबर ते नव्याने बांधले जातात. फुकटचे खेळ म्हणून त्यांच्याकडे नाक मुरडणाऱ्यांनी एकदा बॅटल फॉर वेस्नॉथ एकटं बसून खेळावं. २००३ पासून चालू असलेला, षटकोनी घरांचा, आळीपाळीने चाल करायचा हा लढाईचा खेळ. दहा वर्षांच्या जुन्या लॅपटॉपवर पंख्याचा आवाजही न होता चालतो. 'अ टेल ऑफ टू ब्रदर्स' ही छोटी मोहीम आधी घ्यावी. नवा माणूस इथे हरतो तो हमखास घड्याळामुळे. खेळातला दिवस सहा चालींचा: पहाट, सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि रात्रीचे दोन प्रहर. 'लॉफुल' माणसांचा वार सकाळी-दुपारी २५ टक्क्यांनी जड पडतो आणि रात्री तेवढाच हलका. ऑर्क आणि भुताखेतांचं बरोबर उलट. म्हणजे शत्रूच्या वेशीवर पोचायची वेळ सकाळची हवी, आणि दिवस कलला की चार घरं मागे सरून गावात बसायचं, जिथे दर चालीला ८ एचपी (जीवाचे गुण) भरून निघतात. एल्फांना झाडीत उभं केलं तर त्यांच्यावरच्या दहातले सहा-सात वार वाया जातात. तेच एल्फ मोकळ्या गवतावर आणले की रडत परत येतात. दुसरी चूक म्हणजे सगळे बळी सरदारालाच घेऊ देणं. सरदार गलेलठ्ठ होतो आणि पुढच्या लढाईत परत बोलवावेत असे अनुभवी शिपाई उरत नाहीत. शेवटचा वार होतकरू पोराला द्यावा, हे गनिमी काव्यावर वाढलेल्या आपल्या लोकांना वेगळं सांगायला नको.

ओपनटीटीडीची जात निराळी. ख्रिस सॉयरचा ट्रान्सपोर्ट टायकून हा वाहतुकीचा धंदा चालवायचा खेळ मुळात असेंब्लीत लिहिलेला. तो उकलून लुडविग स्ट्रिगियसने सी भाषेत उतरवला आणि २००४ मध्ये खुला केला. हाच माणूस पुढे म्यूटॉरेंट लिहून गेला आणि स्पॉटिफायच्या सुरुवातीच्या मंडळींत होता, हे जाता जाता. मूळ खेळाची चित्रं लागत नाहीत. ओपनजीएफएक्स, ओपनएसएफएक्स आणि ओपनएमएसएक्स हे चित्रांचे, आवाजांचे, गाण्यांचे संच फुकट मिळतात. कोळशाच्या खाणीतून वीजकेंद्रापर्यंत पहिली गाडी धावली की एक प्रकारची झिंग येते, आणि तिसरी गाडी सोडली की सगळं तुंबतं. सिग्नलचं चुकलेलं असतं. पाथ सिग्नल जंक्शनच्या अलीकडे लावायचा, जिथे गाडी थांबली तर कुणाचं अडणार नाही. जंक्शन ओलांडल्यावर पुढचा सिग्नल सगळ्यात लांब गाडीच्या लांबीइतका तरी दूर हवा. पाच चौकोनांची गाडी आणि तीन चौकोनांवर सिग्नल असेल तर इंजिन नियमाप्रमाणे थांबतं, शेपूट जंक्शनवर राहतं, आणि मागच्या सगळ्या गाड्या एकमेकींकडे बघत उभ्या. दादरच्या पुलावर उभं राहून लोकल लटकलेली बघितलेल्या माणसाला हे चित्र समजावून सांगावं लागत नाही. या खेळाच्या अनुवादांमध्ये अर्धवट अवस्थेतली मराठीही आहे. कुणाला हात लावायचा असेल तर काम भरपूर शिल्लक आहे.

झिरो ए.डी. हा प्राचीन राज्यं उभारून लढायचा खेळ दिसायला या सगळ्यांत देखणा, आणि त्यात मौर्य आहेत. चंद्रगुप्त, अशोक आणि चाणक्य हे तिघे नायक, शिवाय त्यांच्याकडे ओझी वाहणारा हत्ती. लाकूडतोड्यांनी कोठारापर्यंत चालत जाण्याऐवजी कोठारच हत्तीच्या रूपाने त्यांच्या शेजारी उभं करायचं, ही युक्ती खेळताना फार गोड वाटते. २०२५ च्या जानेवारीत आलेल्या २७ व्या अल्फाचं नावही 'अग्नी'. खोड एकच. लढाई मोठी झाली की खेळ गुडघ्यावर येतो आणि लोक ग्राफिक्स कमी करत बसतात. त्याने फारसं काही होत नाही, कारण अडलेलं असतं ते प्रोसेसरच्या एकाच कोअरवर. प्रत्येक शिपायाने कुठल्या वाटेने जायचं याचा हिशोब मुख्यतः तिथे चालतो. खेळ सुरू करतानाच लोकसंख्येची मर्यादा १०० ते १५० वर ठेवा आणि चारच्या वर खेळाडू घेऊ नका. घरात लहान मुलं असतील तर सुपरटक्सकार्ट. एका स्क्रीनचे भाग करून दोघं-तिघं शर्यत लावतात, रेंडर रिझोल्यूशन थोडं उतरवलं की साध्या इंटेल ग्राफिक्सवरही पळतो, आणि जाहिरात नाही की नाणी विकत घ्या नाही. याहून जास्त काय सांगायचं?

विकतच्या खेळांत एकच सुचवायचा झाला तर फॅक्टोरिओ, आणि तो लिनक्सवरच का खेळावा याला एक सणसणीत तांत्रिक कारण आहे. अनोळखी ग्रहावर पडलेला माणूस खाणीपासून रॉकेटपर्यंत कारखाना उभा करतो, एवढंच कथानक. डेमो फुकट आहे आणि तोही नेटिव्ह. सेल लागेल म्हणून थांबू नका, ही मंडळी सेल लावतच नाहीत. सुरुवातीला दोन आकडे पाठ असले की पुरे: एका बॉयलरला दोन वाफेची इंजिनं, आणि हिरव्या सर्किटच्या दोन यंत्रांमागे तांब्याच्या तारेची तीन. हे जुळलं की पट्टे भरून वाहतात. नाही जुळलं की अर्धा तास वीज का जातेय हे शोधण्यात जातो. आता कारण. कारखाना वाढला की ऑटोसेव्हला दर काही मिनिटांनी खेळ गोठतो. आधी एक सेकंद, मग पाच, मग चहा ठेवून यावं इतका. लिनक्सवर एक छुपी सोय आहे. मेन्यूतल्या सेटिंग्जवर कंट्रोल आणि ऑल्ट दाबून क्लिक केलं की 'द रेस्ट' नावाची जास्तीची यादी उघडते. तिच्यात 'नॉन-ब्लॉकिंग-सेव्हिंग' शोधायचं आणि खूण करायची. यापुढे सेव्ह करायची वेळ आली की खेळ 'फोर्क' करतो, म्हणजे कर्नलकडून स्वतःची जुळी प्रत मागून घेतो. प्रत हातोहात मिळते, कारण कर्नल मेमरीची पानं खरी उतरवून काढतच नाही. दोघांनाही तीच वही दाखवतो, आणि कुणी एखाद्या पानावर खोडायला गेला तर तेवढ्याच पानाची नक्कल काढून त्याच्या हातात देतो. जुळा भाऊ गोठलेल्या क्षणाकडे बघत निवांत डिस्कवर लिहीत बसतो आणि इकडे पट्टे फिरत राहतात. विंडोजवर फोर्क नाही, म्हणून ही सोय नाही, मॅकवर आहे. जपायचं ते रॅमला. सेव्ह चालू असताना कारखान्यात जेवढी उलथापालथ, तेवढ्या पानांच्या नकला. वाईटात वाईट म्हणजे खेळाला लागते त्याच्या दुप्पट मेमरी. ८ जीबीच्या मशीनवर मोठा कारखाना आणि मागे ब्राउझरचे चाळीस टॅब असतील, तर कर्नल कुणाचा तरी गळा घोटणार, आणि तो बहुतेक खेळाचाच.

बाकीच्यांची नावं भराभर. उड्या मारण्यात खरं कसब हवं असेल तर सेलेस्ट, जो एफएनएवर बांधलेला आहे. मायक्रोसॉफ्टने वाऱ्यावर सोडलेली एक्सएनए नावाची चौकट ईथन लीने खुल्या कोडमध्ये पुन्हा उभी केली, तीच ही एफएनए, आणि ती वापरणारे खेळ सहसा दगा देत नाहीत. व्हीव्हीव्हीव्हीव्हीव्ही छोटा, बोचरा, आणि दहाव्या वाढदिवसाला, २०२० च्या जानेवारीत, त्याच्या कर्त्याने सोर्स कोड उघडा केला. डेटाची फाइल विकत घेतलेल्या खेळातून घ्यायची, बाकीचं स्वतः बांधायचं. पत्ते आवडत असतील तर स्ले द स्पायर. मातीत, किड्यांत, मंद उजेडात महिनाभर हरवायचं असेल तर हॉलो नाइट. तो युनिटी या खेळ बांधायच्या इंजिनवर आहे, आणि युनिटीच्या खेळांची एक गोष्ट लक्षात ठेवावी. सेव्ह आणि 'प्लेयर.लॉग' अनेकदा एकाच जागी सापडतात: घरच्या फोल्डरात कंट्रोल-एच दाबून लपलेला कॉन्फिग उघडायचा, त्यात युनिटी३डी, त्यात कंपनीचं नाव, मग खेळाचं. खेळ गुपचूप मरत असेल तर त्या लॉगच्या शेवटच्या वीस ओळी वाचाव्यात, खरं दुखणं तिथेच असतं. मॉड, म्हणजे लोकांनी बनवलेले खेळातले बदल, टाकणाऱ्यांना आणखी एक फटका बसतो. विंडोजला कॅपिटल-स्मॉल अक्षरांचं सोयरसुतक नसतं, लिनक्सला असतं. विंडोजवर बसलेल्या कुणीतरी चित्राच्या फाइलचं पहिलं अक्षर कॅपिटल केलं आणि कोडमध्ये स्मॉल लिहिलं, की इकडे चित्राच्या जागी रिकामा चौकोन. आपल्या लिपीत ही भानगडच नाही, म्हणून ती चटकन डोळ्याला दिसत नाही, ऱ्हस्व-दीर्घाची समजावी. लिनक्स 'दिन' आणि 'दीन' एक मानत नाही.

आणि प्रोटॉन, विंडोजचे खेळ लिनक्सवर चालवणारं स्टीमचं साधन. २०१८ च्या ऑगस्टमध्ये आल्यापासून विंडोजचे खेळ इतके बरे चालू लागले, आणि २०२२ मध्ये स्टीम डेक हे हातात धरून खेळायचं लिनक्सवरचं यंत्र आल्यावर तर इतके, की लिनक्ससाठी वेगळं बांधायची गरज काय असं विचारणं रास्त झालं. रॉकेट लीगने २०२० च्या मार्चमध्ये आपला लिनक्स अवतार मिटवला. याचं वाईट वाटतं, आणि त्याच वेळी हेही खरं की काही नेटिव्ह अवतार विंडोजच्या अवताराहून दोन अपडेट मागे कुढत पडलेले असतात, आणि प्रोटॉनवर तोच खेळ टुणटुणीत असतो. अशा वेळी हट्ट धरण्यात अर्थ नाही. स्टीमवर प्रॉपर्टीज, मग कम्पॅटिबिलिटी, तिथे सक्तीची खूण करून यादीतून निवडायचं. मात्र लगेच प्रोटॉनवर उडी नको. त्याच यादीत 'स्टीम लिनक्स रनटाइम' असतं, त्यातलं 'स्काउट' म्हणजे उबुंटू १२.०४ च्या काळातल्या लायब्ऱ्यांचं जतन केलेलं बिऱ्हाड. जुन्या नेटिव्ह खेळाला तिथे एकदम माहेरी आल्यासारखं होतं. त्यानेही भागलं नाही तर प्रोटॉन. पण आधी सेव्हची कॉपी काढून ठेवा. प्रोटॉनचा खेळ 'कम्पॅटडेटा' मधल्या आकडी नावाच्या फोल्डरात स्वतःचं वेगळं विंडोज थाटतो, नेटिव्हचं सेव्ह त्याला आपोआप दिसेलच असं नाही, आणि क्लाउडचं दोन्हीकडे जमेल यावर विसंबू नये. आणखी एक: विंडोजबरोबर वाटून घेतलेल्या एनटीएफएस पार्टिशनवर खेळ ठेवू नका. परवानग्या आणि सिमलिंक यांवरून तिथे जे वाद होतात ते मिटवण्यापेक्षा ५० जीबी पुन्हा डाउनलोड केलेलं परवडतं.

राहिला तो २०११ चा खेळ. त्याचा कोड बंद, त्यामुळे नव्याने बांधता येत नाही. घरालाच थोडं जुनं व्हावं लागतं. डेबियन-उबुंटूवर पॅकेजं बसवणाऱ्या 'डीपीकेजी' ला 'ॲड-आर्किटेक्चर' म्हणून आय३८६ सांगायचं, मग एपीटी अपडेट, मग लिबसी६ आणि लिबजीएल१ यांच्या नावापुढे विसर्गासारखा दिसणारा इंग्रजी कोलन देऊन आय३८६, म्हणजे त्यांच्या ३२ बिटी प्रती येतात. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर ड्रायव्हरच्याही ३२ बिटी लायब्ऱ्या त्याच आवृत्तीच्या लागतात, नाहीतर काळी खिडकी. लिबसी६ बरोबर तो हरवलेला लोडर आपल्या पत्त्यावर येऊन बसतो. आता एलडीडी सरळ उत्तरं देतं: लांब यादी, आणि तिच्यात दोन ठिकाणी 'नॉट फाउंड'. एक लिबएसडीएलची जुनी प्रत, दुसरी लिबपल्स. दोन्हींच्या ३२ बिटी प्रती. पुन्हा चालवा.

खिडकी उघडते, स्क्रीनच्या मधोमध पोस्टाच्या तिकिटाएवढी, कारण ४के मॉनिटर त्याच्या गावीही नाही. आधी आवाज येतो, मग चित्र. मेन्यूत 'नवा खेळ' खाली आहे आणि त्याच्यावर 'पुढे चालू' उजळलेलं आहे. इतक्या मशीनी बदलल्या, दर वेळी होम फोल्डर जसाच्या तसा उचलून नव्या डिस्कवर ठेवला गेला, त्यातल्या टिंबाने सुरू होणाऱ्या कुठल्याशा फोल्डरात ते सेव्ह पडून होतं. सातवी पातळी, दोन जीव शिल्लक.